डोकं वेगळं, आतडं वेगळं

आमच्या लॅबमध्ये किस्से साचायला कारण आहे. आरएनए काढताना मधेमधे थांबावं लागतं. नळ्या मशीनमध्ये गरगर फिरत असतात, त्यांना घाई करता येत नाही, आणि मोबाईल आत न्यायचा नाही हा सरांचा नियम. मग माणूस काय करणार? बोलणार! प्रत्येक सांगणाऱ्याने पदरचं थोडं घातलं असेल, नाही म्हणत नाही. पण मी सांगते ते एकतर माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, नाहीतर ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर घोळ होतो. लॅब जळगावात. प्राणी एकच, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. तिचं डोकं, आतडं, चरबी आणि रेशमाची ग्रंथी वेगवेगळी काढायची आणि कुठल्या अवयवात कुठलं जनुक जास्त काम करतं ते ताडून बघायचं. फक्त आतड्यातच जोरात चालणारं एखादं जनुक सापडलं, तर तेवढंच बंद पाडून अळीला उपाशी मारता येईल का, हा पुढचा प्रश्न. अळी बोटाच्या पेराएवढी. अवयव अर्थातच त्याहून लहान. माणसं मात्र पूर्ण आकाराची: बोरसे सर, शबाना, हेमंत आणि मी, वैशाली. शिवाय ऑफिसातले देसले नाना.

*

सुरुवातीला अळ्या गोळा करायला आम्ही शिरपूरकडे गेलो. सर, शबाना आणि मी. पहिल्याच वावरात एक भाऊ भेटले. सरांनी सरळ विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे बोंडअळी आहे का?"

भाऊंचा चेहरा असा झाला, की जणू आम्ही विचारलं, तुमच्या घरात चोर आहेत का!

"आमना वावरमा? अळी? नाव घेवानं काम नही. त्या शेजारनाकडे जा, तठे भरपूर अळ्या शेतस."

शेजारच्याकडे गेलो. तो म्हणाला, "त्यानीच धाडं ना तुमले? अहो, त्यानाच वावरमातून येतस बठ्ठ्या!"

शबाना वाद घालत नाही. ती दोन्ही वावरांच्या मधल्या बांधावर गेली, इकडचं एक बोंड तोडलं, तिकडचं एक तोडलं, आणि दोन्ही फोडली. दोन्हींत गुलाबी अळी निवांत बसलेली. तोवर ते दोघेही बघायला आले होते. पहिले भाऊ शेजाऱ्याला म्हणाले, "हाई तुनाकडून येल शे." शेजारी म्हणाला, "तिनं तोंड कोनाकडे शे ते देख!"

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. सायबांनी तपासून सांगावं, अळी कोणाची. सर म्हणाले, "आम्हाला ते सांगता येत नाही हो. आम्ही फक्त तिच्या आतड्यातली जनुकं बघतो."

"आतडं देखतस ना? मंग कोना वावरनी कपाशी खाधी ते तर समजी!"

*

कुठलं जनुक चालू आहे ते आरएनएवरून कळतं, पण आरएनए ही फार नाजूक चीज. अवयव काढला की लगेच गोठवावा लागतो, नाहीतर ती विरून जाते. त्यासाठी लागतो द्रवरूप नायट्रोजन. तो आमच्या भागात हमखास कोणाकडे मिळतो? गुरांच्या दवाखान्यात! तिथे वळूचं वीर्य त्यात साठवतात. त्यामुळे आम्ही नायट्रोजन त्यांच्याकडून आणायचो, आणि टाकीही त्यांचीच.

सरांचं म्हणणं असं, की अळीला जळगावपर्यंत आणलं तर प्रवासाचा ताण तिच्या जनुकांत दिसतो. म्हणून वावरातच टेबल मांडायचं आणि तिथेच अळी कापायची. साक्रीच्या बाजूला एका लिंबाखाली आम्ही असं दुकान मांडलं होतं. शबाना मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली. सरांनी टाकीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली.

थोड्याच वेळात एक गृहस्थ म्हैस घेऊन हजर.

"डॉक्टर, माजवर येल शे. लवकर करा."

सर म्हणाले, "आम्ही गुरांचे डॉक्टर नाही, भाऊ."

"मंग हाई टाकी?"

"ही अळ्यांसाठी आहे."

गृहस्थांनी टाकीकडे पाहिलं. टेबलावरच्या अळ्यांकडे पाहिलं. मग म्हशीचं दावं गुंडाळत हळूच म्हणाले, "तरीच! दरसाल इतल्या अळ्या येतस कोठून, तेच समजे ना!"

आम्ही पुढच्या गावात पोचायच्या आधी ही बातमी तिथे पोचली होती. त्या गावात आम्हाला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

*

पुढे आम्ही अळ्या लॅबमध्येही वाढवायला लागलो. त्यांना खायला हरभऱ्याचं पीठ, सरकी, जीवनसत्त्वं आणि आणखी दोन-चार गोष्टी शिजवून घालायच्या. थापून गार केलं की मस्त वड्या पडतात. वास बेसनासारखा. त्या वड्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. डब्यावर चिठ्ठी असायची, पण देसले नानांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

दुपारी नाना माझ्याकडे आले. "वैशालीताई, डब्यातल्या वड्या तुमच्या का? दोन घेतल्या बरं का मी. चांगल्या होत्या, फक्त मिठाचं विसरलात."

शबानाने हातातली सुई खाली ठेवली. मी नानांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यात टिकण्यासाठी एक औषध असतं, बुरशी येऊ नये म्हणून दुसरं असतं, हेही सांगितलं. पोटात दुखतंय का, गरगरतंय का, सगळं विचारून झालं. नानांना काही होत नव्हतं. तरी सरांनी त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, फक्त ब्लडप्रेशर जास्त आहे, मीठ कमी करा.

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा आले. फ्रिजकडे बघत म्हणाले, "ताई, त्या वड्या उरतात का कधी?"

*

शबाना एरंडोलची. तिचे अब्बा शिंपी आहेत, बाजारात दुकान आहे. अळीची रेशीमग्रंथी म्हणजे ओल्या दोऱ्याचं टोक समजा. ती न तुटता अख्खी बाहेर काढणारी आमच्याकडे एकटी शबाना. मी काढली की तिचे तीन तुकडे होतात.

तर शबानाला बघायला पाहुणे आले. मुलगा धुळ्याचा, शाळेत शिक्षक. चहा झाला, फराळ झाला. मुलाच्या अम्मीने विचारलं, "लडकी क्या करती है?" अब्बांना जनुकं वगैरे समजावत बसायचं नव्हतं. ते म्हणाले, "कीडों का ऑपरेशन करती है."

अम्मी खूश झाल्या. ऑपरेशन म्हणजे काहीतरी मोठंच. त्यांनी काळजीने विचारलं, "फिर, बचते हैं क्या?"

आतल्या खोलीतून शबानाचा आवाज आला, "एक भी नहीं."

अब्बा सांगतात, त्यांनी मनातल्या मनात ते स्थळ सोडून दिलं होतं. तेवढ्यात तो मुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, मोठ्याने हसला. लग्न झालं. नवरा अजूनही बाजारातून वांगी आणली की आधी तिच्यासमोर ठेवतो.

माझ्या घरी वेगळी अडचण. माझी आई धुळ्याला असते. दर रविवारी विहारात वंदनेला जाते, मी घरी असले की मलाही नेते. पंचशीलातलं पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. एकदा आईने सहज विचारलं, तू तिथे नेमकं काय करतेस गं? मी सांगितलं. रविवारी विहारात सगळे हात जोडून बसले, वंदना सुरू झाली, आणि आईने मला कोपराने ढोसलं.

"पहिलं शील तू जरा हळू म्हण."

*

आता जरा गंभीर. मे महिना, जळगाव, दुपार. म्हणजे काय ते सांगायला नको. आमचा उणे ऐंशीचा फ्रीझर बंद पडला. दुसरा काही बिघाड असता तर चाललं असतं, पण कॉम्प्रेसरच गेला. आत सगळ्या हंगामाचे नमुने. शबानाची पीएचडी म्हणजे त्या नळ्या. आकडा वर चढायला लागला. उणे सत्तर. उणे पासष्ट.

सरांनी फोनाफोनी केली. जळगावात नायट्रोजन संपलेला. धुळ्याला वळूंचं वीर्य साठवतात त्या डेपोत होता. आम्ही फ्रीझरमधल्याच गोठलेल्या पिशव्यांत नळ्या पुरून थर्माकोलचा खोका बांधला. त्याला शबानाने रजई गुंडाळली आणि खोका मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. सर गाडी चालवत होते.

पारोळ्याच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदाराने आत डोकावून पाहिलं. बाहेर भट्टी पेटलेली, आणि ही मुलगी मांडीवर रजई घेऊन बसलेली!

"बरं नाही का यांना?"

"मी ठीक आहे," शबाना म्हणाली.

"मग रजईत काय आहे?"

शबानाला खोटं बोलता येत नाही. "डोकी आहेत. आणि आतडी."

सर खाली उतरले. कार्ड दाखवलं, अळीची गोष्ट सांगितली, पार जनुकांपर्यंत. हवालदार ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही निघा. हे मला वर कोणाला समजावून सांगता येणार नाही."

डेपोतल्या माणसाने काही विचारलं नाही. मोठ्या टाकीत वळूंच्या वीर्याच्या कांड्यांशेजारी आमच्या नळ्यांना जागा करून दिली. सगळं आत गेलं, झाकण बसलं, तेव्हा शबाना तिथेच पायरीवर बसून रडली. भरपूर रडली. मग उठून रजईची घडी घातली.

निघताना तो माणूस एवढंच म्हणाला, "मॅडम, लेबलं पक्की चिकटवलीत ना? नाही, उद्या कुणाच्या गाईला अळी झाली तर लोक मला धरतील."

*

नमुने बचावले, बाहेरच्या कंपनीकडून तपासून त्यांचे आकडे आले, आणि ते उलगडायला हेमंत आला. हेमंत पुण्याचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मागे कोण उभं आहे, याचं त्याला भान नसतं.

त्याच्या पडद्यावर सगळे नमुने आपापल्या जातभाईंशेजारी बसले पाहिजेत. डोकी डोक्यांजवळ, आतडी आतड्यांजवळ. एक नमुना काही ऐकेना. नाव डोक्याचं, पण जाऊन बसला चरबीच्या घोळक्यात. नळीवरचं लेबल चुकलं होतं, एवढीच भानगड. पण ते नंतर कळलं.

त्याच दिवशी तपासणीला एक बडे साहेब आलेले. सर त्यांना लॅब दाखवत दाखवत हेमंतच्या मागे येऊन उभे राहिले. हेमंतला वाटलं, सर एकटेच आहेत. मान न वळवता तो म्हणाला, "सर, हा इथे डोकं म्हणून मिरवतोय, पण आत नुसती चरबी आहे!"

साहेब थंड आवाजात म्हणाले, "कोणाबद्दल चाललंय?"

"अळीबद्दल," सर घाईने म्हणाले. मग त्यांनी साहेबांना पडदा समजावला. कुठलं जनुक चालू आहे यावरून आत काय आहे ते कसं ओळखायचं, वगैरे. साहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. जाताना दारात थांबले.

"हे फक्त अळीवरच चालतं ना?"

*

धुळ्याच्या बाजूला एका गावात शेतकऱ्यांची सभा होती. सरांना बोलायचं होतं. सरांना सोपं बोलण्याची फार हौस. म्हणाले, "बघा, अळीच्या अंगात सगळीकडे जनुकं तीच. डोक्यात तीच, पोटात तीच. पण सगळी सगळीकडे काम करत नाहीत. पोटात काही चालू असतात, तीच डोक्यात बंद असतात."

बायकांच्या बाजूने एक अक्का उठल्या. "म्हनजे पोट चालू नि डोकं बंद?"

"काही जनुकांच्या बाबतीत, हो."

"मंग आमना धनीसारखंच शे."

पुरुषांच्या बाजूला एक टोपी हळूच खाली झुकली. सरांना पुढचं भाषण आवरतं घ्यावं लागलं. पण खरं सांगू? त्या गावात तो मुद्दा अजून कोणी विसरलेलं नाही.

*

आता सरांच्या वडिलांचा किस्सा. गाव त्यांना आबा म्हणतं. एरंडोलकडच्या एका खेड्यात राहतात, थकलेत, पण कपाशी अजून स्वतः बघतात. मुलगा बोंडअळीत डॉक्टर झाला, तरी आबा सल्ल्याला जायचे गावातल्या औषधाच्या दुकानात.

एकदा सर त्यांना म्हणाले होते, वेचणी संपल्यावर पाणी देऊन कपाशी पुढे रेटू नका, अळीला वर्षभराचं घर मिळतं. आबा भडकले. "तू अळीनं पोट फाड. मना वावरमा पाय नको ठेवू." सरांनी ते शब्द धरून ठेवले. वावरात जाणं थांबलं. मग घरी जाणंही कमी होत गेलं. सणाला आईशी फोनवर बोलायचे, तेवढंच. सर याबद्दल कधी बोलत नाहीत. आबा शबानाच्या अब्बांचं जुनं गिऱ्हाईक; हे सगळं मला तिच्या लग्नात आबांनीच सांगितलं, जेवताना शेजारी बसले होते तेव्हा. सर दुसऱ्या पंगतीत होते.

आमच्या ऑफिसच्या फोनचा रिसीव्हर बिघडलेला आहे. त्यामुळे सगळे फोन स्पीकरवर घ्यावे लागतात. पोळ्यानंतरची गोष्ट. सर माझ्या टेबलाशी चहा पीत उभे होते. फोन वाजला. मी बटण दाबलं.

"नमस्कार. मी एक शेतकरी बोलत आहे. डॉक्टर बोरसे यांच्याशी बोलावयाचे आहे."

अगदी रेडिओसारखी मराठी! पण आवाज आबांचा. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा कप तोंडापाशी थांबला होता. त्यांनी तो खाली ठेवला, खुर्ची ओढली, बसले.

"बोलतोय. बोला."

पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज. "आमच्या कपाशीस कळ्या मिटलेल्याच राहतात. गुलाबासारख्या."

"डोमकळ्या म्हणतात त्यांना. आत अळी असते," सर म्हणाले. "त्या तोडून नष्ट करायच्या. तिथेच टाकू नका. हिरवी बोंडं फोडून पाहिलीत?"

"पाहिली. आहेत."

"कामगंध सापळे लावा. रोज किती पतंग पडतात ते बघा. तुमचं गाव कुठलं?"

"एरंडोलकडे."

"बरं."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल किंवा फोन ठेवेल. पण सरांनी विचारलं, "तुमच्या घरात कोणी शिकलेलं नाही का?"

"पोऱ्या शे एक," आबांची मराठी घसरली. "मोठा डॉक्टर शे. पन तो अळीनं आतडं देखस. वावरनं त्याले काय माहीत?"

सर टेबलावरच्या कपाकडे बघत होते. "त्याला विचारून तर पाहा. तो हेच सांगेल."

"हेच सांगी?"

"हेच."

"मंग झालं. त्याले कसाले तरास?" आणि फोन बंद.

सर उठले, चहा तसाच टाकून आत गेले. त्या दिवशी ते कोणावर रागावले नाहीत, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

काही आठवड्यांनी फोन पुन्हा आला. या वेळी सर मीटिंगमध्ये होते.

"नमस्कार. मी एक शेतकरी बोलत आहे. डॉक्टर बोरसे?"

"मीटिंगमध्ये आहेत. बोलावते थांबा."

"नको, नको. निरोप द्यावा. सापळ्यात पतंग कमी पडतात. कळ्या तोडल्या होत्या. आणि यंदा वेचणी झाली की कपाशी उपटणार, असेही सांगावे."

"सांगते. अजून काही?"

"दिवाळीले घर ये म्हना त्याले. त्यानी माय वाट देखस."

मी कामाच्या आवाजात विचारलं, "कोणाचा निरोप म्हणून सांगू?"

पलीकडे लांबून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग पुन्हा ती रेडिओची मराठी आली.

"सांगावे, शेतकरी मेळाव्याचे निमंत्रण आहे."